तोडणीनंतरचा टोमॅटो

हैदराबादच्या बाजारात टोमॅटो बाराही महिने दिसतो, परंतु तो बाराही महिने एकाच दिशेने येत नाही. हिवाळ्यात चेवेल्ला, शंकरपल्ली, विकाराबाद या शहराजवळच्या पट्ट्यातील माल बऱ्याच अंशी पुरतो. उन्हाळा चढू लागला की दिवसाचे तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, रात्रीही पुरेशा थंड होत नाहीत, झाडावरची फुले फळ न धरताच गळू लागतात आणि शहराची भिस्त आंध्र प्रदेशातील मदनपल्ली व कर्नाटकातील कोलार येथून येणाऱ्या ट्रकांवर पडते. मदनपल्ली हैदराबादपासून सुमारे पाचशे किलोमीटर दूर आहे. म्हणजे ज्या महिन्यांत तोडलेल्या फळाचे आयुष्य सर्वांत कमी असते, नेमक्या त्याच महिन्यांत त्याला सर्वांत लांबचा आणि सर्वांत तापलेला रस्ता कापावा लागतो. टोमॅटो तोडणीनंतर अधिक दिवस कसा टिकवावा हा प्रश्न दख्खनच्या या शहरात म्हणूनच शीतकपाटांच्या जाहिरातीपेक्षा कितीतरी गंभीर आहे, आणि थंड देशांत लिहिलेल्या पुस्तकांतील उत्तरे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

भारतात दरवर्षी सुमारे दोन कोटी टन टोमॅटो पिकतो. उत्पादनात चीनखालोखाल भारताचा क्रमांक लागतो. लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत काढणी, हाताळणी, वाहतूक आणि विक्री या सर्व टप्प्यांवर मिळून टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के आढळली होती. हा आकडा केवळ फेकून दिलेल्या मालाचा आहे. मऊ पडल्यामुळे, सुरकुतल्यामुळे किंवा तडकल्यामुळे जो माल निम्म्या दराने विकावा लागला, त्याचे नुकसान त्यात धरलेले नाही. सिकंदराबादच्या बोवेनपल्ली भाजी बाजारात या फेकलेल्या मालाचे काय होते ते डोळ्यांनी पाहता येते. तेथे हैदराबादच्याच भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेने विकसित केलेल्या पद्धतीवर चालणारा बायोगॅस प्रकल्प आहे आणि रोज निघणाऱ्या सुमारे दहा टन भाजीपाल्याच्या कचऱ्यापासून त्यात सुमारे ५०० युनिट वीज तयार होते. जानेवारी २०२१ मधील ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केल्यामुळे तो देशभर ठाऊक झाला. कचरा रस्त्यावर कुजण्यापेक्षा त्यातून वीज मिळावी हे उत्तमच आहे. मात्र टोमॅटो पिकवण्यासाठी लागलेले पाणी, खत, तारकाठीचा खर्च आणि तोडणीची मजुरी यांतले काहीही त्या विजेतून शेतकऱ्याकडे परत येत नाही.

टिकवणुकीचा विचार करताना प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की तोडलेला टोमॅटो जिवंत असतो. झाडाकडून मिळणारे पाणी आणि साखर बंद झाली तरी त्याच्या पेशी प्राणवायू घेत राहतात, साठवलेली साखर व आम्ले जाळत राहतात आणि कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ व उष्णता बाहेर टाकत राहतात. या क्रियेला श्वसन म्हणतात. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे ३८ अंशांवर उभ्या असलेल्या ट्रकमधील टोमॅटो १८ अंशांवरील टोमॅटोच्या तुलनेत आपली शिदोरी चौपट वेगाने संपवत असतो. या शिदोरीचा शेवट तीन वेगवेगळ्या वाटांनी होतो: फळ पिकून अतिपक्व होते, त्यातले पाणी उडून ते सुरकुतते, किंवा बुरशी आणि जिवाणू शिरून ते सडते. या तीन वाटा एकमेकींना मदत करतात, पण त्यांची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. व्यवहारातले बरेचसे अपयश एका वाटेवरचा उपाय दुसरीवर योजल्यामुळे येते.

पिकण्याची वाट सर्वांत गुंतागुंतीची आहे. फ्रँकलिन किड आणि चार्ल्स वेस्ट या केंब्रिजमधील संशोधकांनी १९२० च्या दशकात सफरचंदांचे श्वसन मोजताना असे पाहिले की काही फळांत पिकण्याच्या सुरुवातीला श्वसन एकाएकी उसळते आणि मग ओसरते. अशा फळांना ‘क्लायमॅक्टेरिक’ फळे म्हणतात. आंबा, केळी, सफरचंद आणि टोमॅटो या गटात मोडतात, तर द्राक्षे व संत्री मोडत नाहीत. व्यवहारात या भेदाला मोठे महत्त्व आहे, कारण पहिल्या गटातील फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकू शकतात आणि त्यामुळे त्यांच्या पिकण्याची वेळ माणसाला पुढेमागे करता येते. या उसळीमागचा सूत्रधार इथिलीन नावाचा साधा वायू आहे. दिमित्री नेलुबोव या रशियन विद्यार्थ्याने १९०१ मध्ये दाखवून दिले होते की दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कोळशाच्या वायूतील इथिलीनमुळे वाटाण्याचे अंकुर वेडेवाकडे वाढतात. फळे स्वतःच हा वायू तयार करतात याचा रासायनिक पुरावा मात्र १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवर काम करून दिला. टोमॅटोमध्ये इथिलीन निर्माण होऊ लागले की तेच अधिक इथिलीन निर्माण करण्याची आज्ञा देते, आणि म्हणून पेटीतील एक पिकलेले फळ भोवतालच्या हिरव्या फळांनाही पिकवू लागते. जुनी माणसे आंब्याच्या अढीत एखादे पिकलेले फळ मुद्दाम ठेवतात त्यामागचे शास्त्र हेच आहे. टोमॅटो टिकवायचा असेल तर याच्या नेमके उलट करावे लागते, म्हणजे पिकलेली, ठेचलेली आणि जखमी फळे ताबडतोब वेगळी काढावी लागतात, कारण जखमही इथिलीनची निर्मिती वाढवते.

इथिलीनचा संदेश पोचल्यावर फळात एकाच वेळी अनेक कामे सुरू होतात. हरितद्रव्य मोडते आणि लायकोपीन हे लाल रंगद्रव्य साठू लागते, आम्लता उतरते, सुगंध देणारी बाष्पशील द्रव्ये तयार होतात, आणि पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन हे द्रव्य विशिष्ट विकरांच्या, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांच्या, हल्ल्याने विरघळू लागते, ज्यामुळे फळ मऊ पडते. रंग आणि मऊपणा या दोन गोष्टी ग्राहकाला एकत्र दिसतात म्हणून त्या एकच वाटतात. वस्तुतः त्या वेगवेगळ्या क्रिया आहेत आणि टिकवणुकीच्या शास्त्रातील आजची सर्वांत मोठी आशा त्यांना वेगळे करण्यावरच उभी आहे.

रंगाच्या बाबतीत हैदराबादचा उन्हाळा एक विशेष अडचण उभी करतो. तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिले की लायकोपीन तयार होणे थांबते, मात्र पिवळसर-नारिंगी कॅरोटीन तयार होत राहते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत हिरवी तोडलेली फळे अनेकदा लाल न होता फिकट नारिंगीच राहतात आणि तशीच मऊ पडतात. ग्राहक त्यांना ‘कच्ची’ समजतो, व्यापारी ‘हलकी’ समजतो आणि दर पडतो. इंग्रजी पुस्तकांत टोमॅटो ‘खोलीच्या तापमानाला’ ठेवावा असा सल्ला दिलेला असतो तो २० अंशांच्या आसपासच्या खोलीला धरून. मे महिन्यातील मेहदीपट्टणमच्या बंद घरातली खोली त्या व्याख्येत बसत नाही.

फळ कोणत्या टप्प्यावर तोडले यावर पुढचे सारे अवलंबून असते. जागतिक व्यापारात सहा टप्पे मानले जातात: पूर्ण वाढ झालेले पण हिरवे फळ, रंग फुटू लागलेले, म्हणजे पृष्ठभागाच्या दहा टक्क्यांपर्यंत पिवळी वा गुलाबी छटा आलेले, तीस टक्क्यांपर्यंत रंग चढलेले, साठ टक्क्यांपर्यंत गुलाबी, नव्वद टक्क्यांपर्यंत फिकट लाल, आणि पूर्ण लाल. दूरच्या बाजारासाठी पहिला किंवा दुसरा टप्पा योग्य मानतात. पहिल्या टप्प्यात एक धोका लपलेला असतो: हिरव्या फळाची वाढ पूर्ण झाली आहे की नाही हे बाहेरून सांगणे कठीण असते. फळ आडवे कापल्यावर बियांभोवती गर जमलेला असेल आणि बी सुरीने न कापता बाजूला सरकत असेल तर ते पक्व समजावे; बी कापले गेले तर ते फळ कितीही दिवस ठेवले तरी चांगले पिकत नाही. अनुभवी तोडणीवाले आकार, खालच्या टोकाची पांढुरकी झाक आणि सालीची चकाकी यांवरून हा अंदाज बांधतात. रंग फुटलेले फळ निवडले की ही शंका उरत नाही आणि चव लाल तोडलेल्या फळाच्या बऱ्याच जवळ येते, म्हणून पाचशे किलोमीटरच्या अंतरासाठी तोच टप्पा अधिक शहाणपणाचा वाटतो.

पाणी उडण्याच्या वाटेवर टोमॅटोची रचना अनपेक्षित आहे. फळात सुमारे ९४ टक्के पाणी असते, परंतु पानांवर असतात तशी रंध्रे त्याच्या सालीवर नसतात आणि सालीवर मेणचट उपत्वचेचा थर असतो. त्यामुळे वायूंची बहुतेक देवाणघेवाण आणि पाण्याच्या वाफेचा मोठा भाग देठ तुटलेल्या जागेतून होतो. बुरशी आणि जिवाणू यांनाही हेच दार सर्वांत सोयीचे असते. देठ ओढून काढताना ती जागा फाटली, किंवा देठ ठेवून भरलेल्या फळाचा ताठ देठ शेजारच्या फळात रुतला, तर आठवड्याचे आयुष्य दोन दिवसांवर येते. धुण्याच्या पाण्याबाबतही हाच मुद्दा लागू पडतो. उन्हात तापलेली फळे थंड पाण्यात बुडवली की आतील हवा आकसते आणि देठाच्या जागेतून पाणी, त्याबरोबर जिवाणू, फळात ओढले जातात. म्हणून धुण्याचे पाणी फळाच्या गरापेक्षा चारपाच अंशांनी कोमट आणि योग्य प्रमाणात क्लोरीन मिसळलेले असावे लागते. ज्याला हे जमणार नाही त्याने टोमॅटो न धुता, कोरड्या फडक्याने पुसून पाठवणे अधिक सुरक्षित असते.

लाकडी खोक्यांच्या जागी आलेल्या प्लास्टिक क्रेटांनी, ज्यांना नाशिक-नारायणगावच्या बाजारात ‘कॅरेट’ किंवा ‘जाळी’ म्हणतात, जेवढा टोमॅटो वाचवला असेल तेवढा कदाचित कोणत्याही महागड्या तंत्राने वाचवला नसेल. जाळीच्या भिंती गुळगुळीत असतात, हवा खेळती राहते, एकावर एक रचली तरी वजन खालच्या फळांवर न येता जाळीच्या चौकटीवर येते आणि ती धुऊन पुन्हा वापरता येते. मात्र जाळी कडेच्या वर शिगोशीग भरण्याची सवय हा सगळा फायदा घालवते. तोडलेल्या मालाला शेतातच सावली देणे, पहाटे तोडणी करणे आणि ट्रक रात्री हाकणे या गोष्टींना खर्च जवळजवळ लागत नाही. फळाने शेतातून सोबत आणलेली उष्णता जेवढ्या लवकर निघेल तेवढे त्याचे आयुष्य वाढते, आणि पहिल्या चारसहा तासांत गमावलेले दिवस पुढे कोणत्याही शीतगृहात परत मिळवता येत नाहीत. सरकारी योजनांचे लक्ष शीतगृहांच्या टनांकडे जितके असते, तितके ते बांधावरच्या सावलीकडे असायला हवे होते.

शीतगृहांची स्वतःची अडचण आहे. टोमॅटो मूळचा दक्षिण अमेरिकेतला, उष्ण हवामानाचा. त्याला फार थंडी सोसत नाही. बटाटा किंवा सफरचंद यांच्यासाठी चालवलेल्या दोन-चार अंशांच्या शीतगृहात हिरवा टोमॅटो आठवडाभर ठेवला तर बाहेरून तो ताजा दिसतो, परंतु बाहेर काढल्यावर डागाळलेला रंग धरतो, त्यावर खड्डे पडतात आणि तो बुरशीला सहज बळी पडतो. या बिघाडाला शीतबाधा म्हणतात. पक्व हिरव्या टोमॅटोसाठी १२.५ ते १५ अंश, फिकट लाल फळासाठी १० ते १२.५ अंश आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता हे योग्य मानले जाते; १२.५ अंशांवर पक्व हिरवे फळ चवीत फारशी तूट न येता दोन आठवडे राहू शकते. थंडीचा चवीवरील परिणाम फ्लोरिडा विद्यापीठातील हॅरी क्ली यांच्या सहभागाने झालेल्या २०१६ मधील संशोधनात स्पष्ट झाला. पिकलेली फळे पाच अंशांवर सात दिवस ठेवली असता साखर आणि आम्ले फारशी बदलली नाहीत, पण सुगंधी द्रव्ये घटली, कारण ती तयार करणाऱ्या जनुकांचे कामकाज थंडीने मंदावले होते आणि फळ पुन्हा उबेत आणल्यावरही ते पूर्ववत झाले नाही. शीतकपाटातील टोमॅटो ‘पाणचट’ लागतो ही तक्रार त्यामुळे केवळ मनाचा खेळ नाही.

मध्यम तापमानासाठी दख्खनच्या पठाराला शोभणारा उपाय दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत १९८० च्या दशकात विकसित झाला. त्याला शून्य ऊर्जा शीतकक्ष म्हणतात. विटांच्या दोन भिंती, त्यांच्यामध्ये नदीची वाळू, वर वाळ्याचे किंवा गोणपाटाचे झाकण आणि दिवसातून दोनदा शिंपलेले पाणी एवढीच त्याची सामग्री. पाणी वाफ होताना भिंतीतील उष्णता घेऊन जाते आणि आतली हवा थंड व ओलसर राहते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने हे घडते. या तंत्राची मर्यादा हवेतील आर्द्रता ठरवते. एप्रिलच्या दुपारी हैदराबादेत तापमान ४० अंश आणि आर्द्रता २५ टक्के असेल तर बाष्पीभवनाने हवा जास्तीत जास्त २४ अंशांच्या आसपास उतरू शकते, म्हणजे लायकोपीन थांबवणाऱ्या ३० अंशांच्या बऱ्याच खाली. जुलैच्या ढगाळ दिवशी २९ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असताना हाच कक्ष जेमतेम तीन अंशांचा फरक पाडतो. गरज सर्वाधिक असते त्याच ऋतूत तो सर्वाधिक उपयोगी पडतो, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे, आणि तरीही चेवेल्ला वा विकाराबादच्या लहान शेतकऱ्याच्या बांधावर तो अपवादानेच दिसावा ही खेदाची गोष्ट आहे.

इथिलीनच्या आज्ञेलाच बहिरे करणारा मार्ग एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकेनशिप यांनी नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठात १९९० च्या दशकात शोधला. १-मिथाइलसायक्लोप्रोपीन हा वायू पेशीतील इथिलीनच्या ग्राहक रेणूंना इथिलीनपेक्षा घट्ट चिकटतो आणि ती जागा अडवून ठेवतो. रंग फुटू लागलेल्या टोमॅटोला त्याचा अल्प हात दिला तर पिकणे काही दिवस लांबते. फार लवकर किंवा फार जास्त दिला तर फळ नीट पिकतच नाही. कायटोसानसारख्या खाद्य द्रव्यांचे पातळ लेप देठाच्या जागेसह सर्व फळावर बसून वायूंची ये-जा मंदावतात, त्यांचा तत्त्वविचार पक्का आहे, पण लेप जाड झाला तर प्राणवायूअभावी आत आंबूस वास धरतो. प्राणवायूचे प्रमाण तीन ते पाच टक्क्यांपर्यंत उतरवलेली नियंत्रित वातावरणाची शीतगृहेही याच तत्त्वावर चालतात, मात्र टोमॅटोच्या स्वस्त मालाला त्यांचा खर्च क्वचितच परवडतो.

याहून खोलवरचा मार्ग बियाण्यातून जातो. १९६० आणि १९७० च्या दशकांत अमेरिकेत ‘रिन’ आणि ‘नॉर’ ही दोन उत्परिवर्तने, म्हणजे जनुकातील नैसर्गिक बदल, नोंदवली गेली. दोन्हींत फळ मोठे होते, पण इथिलीनची उसळी येत नाही आणि महिनोन्‌महिने ते पिवळसर, टणक राहते. ‘रिन’ची एक प्रत असलेले संकरित वाण बऱ्यापैकी लाल होते आणि दीर्घकाळ टिकते, म्हणून इस्राएलपासून सुरू झालेली दीर्घायुषी टोमॅटोंची एक पिढी या युक्तीवर उभी राहिली. तिच्या चवीबद्दलची नाराजी जगभर सारखीच आहे: ज्या कळीने मऊपणा थांबवला तिनेच सुगंधही रोखला. कॅलिफोर्नियातील कॅलजीन कंपनीने मे १९९४ मध्ये बाजारात आणलेला ‘फ्लेवर सेव्हर’ हा जनुकीय बदल केलेला पहिला टोमॅटो मऊपणाच्या एकाच विकरावर, पॉलीगॅलॅक्टुरोनेजवर, नेम धरून बनवलेला होता. परंतु पेक्टिन विरघळवणारे विकर एकटे नसल्याने फळ अपेक्षेइतके कडक राहिले नाही आणि काही वर्षांतच तो बाजारातून गेला. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत असीस दत्त यांच्या गटाने २०१० मध्ये वेगळे दार ठोठावले. पेशीभित्तिकेतील प्रथिनांना चिकटलेल्या साखरेच्या साखळ्या तोडणारी दोन विकरे त्यांनी निष्प्रभ केली, तेव्हा साधा टोमॅटो पंधरवड्यात सुरकुतला असताना त्यांचा टोमॅटो सुमारे ४५ दिवस घट्ट राहिला. पुढे २०१६ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातील ग्रॅहम सेमूर यांच्या गटाने पेक्टेट लायेज हे विकर शांत केले आणि रंग व सुगंध जवळजवळ न बदलता फळ कडक ठेवता येते हे दाखवले. रंग आणि मऊपणा यांची गाठ सोडवता येते याचा हा भक्कम पुरावा होता.

हैदराबादचा या कथेत स्वतःचा वाटा आहे. हैदराबाद विद्यापीठाच्या वनस्पतिविज्ञान विभागात रामेश्वर शर्मा आणि वाय. श्रीलक्ष्मी यांनी टोमॅटोच्या जनुकांचे एक मोठे भांडार उभारले. बंगळुरूच्या भारतीय बागबानी संशोधन संस्थेच्या ‘अर्का विकास’ या वाणात रसायनाने हजारो उत्परिवर्तने घडवून त्यांतून उपयोगी बदल शोधण्याची पद्धत तेथे विकसित झाली. टिकवणुकीच्या दृष्टीने त्यांच्या गटाचे २०१८ मधील काम विशेष वाचनीय आहे. स्पेनच्या कॅटलोनिया भागात ‘पेंजार’ नावाचे टोमॅटो पिढ्यान्‌पिढ्या दोरीला बांधून घरात टांगून ठेवतात आणि हिवाळाभर वापरतात. अशा चार वाणांचा अभ्यास केला असता तिघांत ‘नॉर’ जनुकातील ‘अल्कोबासा’ हा बदल आढळला, तर चौथ्यात त्याच जनुकाचा एक नवा प्रकार सापडला, ज्यात प्रथिन अगदी सुरुवातीलाच तुटते. या वाणांत इथिलीन कमी निघते, श्वसन मंद राहते आणि साखर लवकर जळून जात नाही. उपत्वचेच्या मेणाचे घटक मात्र वाणागणिक बदलतात. शतकांपूर्वी भूमध्य समुद्राकाठच्या शेतकऱ्यांनी डोळ्यांनी आणि जिभेने निवडून ठेवलेला गुण आज हैदराबादच्या प्रयोगशाळेत रेणूंच्या पातळीवर उलगडतो, ही बाब विज्ञानाच्या दृष्टीने जितकी रोचक आहे तितकीच बियाणे जपणाऱ्या शेतकऱ्यांबद्दल आदर वाढवणारी आहे. मार्च २०२२ मध्ये केंद्र सरकारने बाहेरचे जनुक न घालता केलेल्या जीनोम संपादनाला जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या कडक नियमांतून सूट दिल्यामुळे पेक्टेट लायेजसारख्या एकाच जनुकावर बेतलेल्या वाणांना भारतीय वाट मोकळी झाली आहे. त्या वाटेने येणारे वाण चवीची परीक्षा न घेता निवडले गेले तर ‘रिन’च्या दीर्घायुषी वाणांत झालेली चूक नव्या अवजारांनी पुन्हा घडेल.

दिवसांची किंमत पैशात काय असते हे २०२३ च्या पावसाळ्याने दाखवून दिले. जुलैमध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला दीडशे रुपयांच्या वर गेला, केंद्राने सवलतीच्या दराने विक्री सुरू केली, ऑगस्टमध्ये नेपाळमधून आयात झाली आणि सप्टेंबर उलटेपर्यंत नवीन पीक एकदम बाजारात आल्याने घाऊक दर किलोमागे काही रुपयांवर कोसळला. कांदा चाळीत ठेवता येतो म्हणून कांदा उत्पादकाला निदान थांबण्याचा पर्याय असतो. टोमॅटो उत्पादकाला तोही नसतो. तोडा एका दिवसाआड येतो, झाडावर ठेवलेले फळ पिकून जाते आणि आडतीवर पोचलेला माल त्या दिवशीच्या दराला विकावाच लागतो. नाशिकजवळच्या पिंपळगाव बसवंतच्या शेतकऱ्याला केवळ एक आठवडा अधिक मिळाला तरी तो दोन बाजारांतील दर पाहून माल कोठे पाठवायचा हे ठरवू शकतो. टिकवणुकीचे संशोधन महानगरातल्या ग्राहकाच्या सोयीसाठी चालते असे सर्रास समजले जाते, पण त्याचा पहिला हक्कदार शेतकरीच आहे.

घरापर्यंत आलेल्या टोमॅटोसाठी करण्यासारखे थोडेच असते, पण ते सोपे असते. फळे एका थरात, देठाची जागा खाली करून, ताटात पसरावीत. त्यामुळे तेथून पाणी कमी उडते आणि त्या मऊ भागावर दुसऱ्या फळाचे वजन येत नाही. केळी, आंबे आणि सफरचंद यांच्यापासून ती दूर ठेवावीत. काकडी आणि पालेभाज्या इथिलीनने लवकर पिवळ्या पडतात, म्हणून पिकलेले टोमॅटो त्यांच्यापासूनही वेगळे असावेत. हिवाळ्यात, म्हणजे हैदराबादेत नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अर्धवट पिकलेली फळे बाहेरच ठेवावीत. उन्हाळ्यात मात्र स्वयंपाकघर दिवसभर तीस अंशांच्या वर असेल तर लाल झालेली फळे शीतकपाटाच्या सर्वांत कमी थंड भागात, भाजीच्या कप्प्यात, हलवणे हाच कमी तोट्याचा मार्ग असतो. दोनतीन दिवसांच्या थंडीने सुगंध फारसा जात नाही. ती चिरण्याच्या तासभर आधी बाहेर काढावीत. हिरवट फळे शीतकपाटात घालू नयेत, कारण तेथे ती पिकत नाहीत आणि बाहेर आणल्यावरही पुरती पिकतीलच असे नाही. सुरकुतलेली पण न सडलेली फळे चिरून शिजवली की त्यांतला गोडवा उलट वाढलेला आढळतो. हैदराबादी टमाट्याच्या कटासाठी किंवा चिंच घातलेल्या चटणीसाठी तीच अधिक योग्य ठरतात. फळ अतिपक्व होताना त्याची आम्लता उतरते, त्यामुळे असा रस बाटलीत भरून महिनोन्‌महिने ठेवायचा असेल तर त्यात लिंबाचा रस घालून, बाटल्या बंद करून उकळत्या पाण्यात निर्जंतुक कराव्या लागतात, आणि तसे करणे शक्य नसेल तर तो गोठवून ठेवावा.